वहिनींचा शेवटचा घाणा

बबनचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालत होतो. बबन म्हणजे कुमुदवहिनींचा टेम्पोवाला. त्याचं माझ्याकडे एरवी काही काम नसायचं, त्यामुळे फोनवर त्याचं नाव पाहूनच मी हातातला तांब्या खाली ठेवला. "भाऊ, वैनी दार उघडंनात," तो म्हणाला. "मागनं जाऊन हाका मारल्या. शेडला बी कुलूप हाय. कुठं जायच्या आसल्या तर आदल्या दिशी सांगत्यात मला वैनी..." शेजाऱ्यांकडे किल्ली असते ती घे, मी निघालोच, एवढं सांगून मी रिक्षा पकडली. बिबवेवाडीपासून कर्वेनगरापर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो, की त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पाण्याची मोटर चालू असेल, आंघोळीला गेल्या असतील. पोचलो तेव्हा बबन फाटकाशी उभा होता, टोपी काढून हातात धरलेली. 

वहिनी झोपेतच गेल्या. त्रास झाला नसावा असं डॉक्टर म्हणाले, आणि चेहरा पाहून ते खरं वाटलं. त्याला आता दीडेक महिना झाला. भेटायला येणारी माणसं अजूनही येतात. निम्मी त्यांच्या चकलीबद्दल बोलतात. उरलेली त्यांच्या डिझेलबद्दल बोलतात, पण ते बोलताना जरा हसतात. "म्हातारपणी काय हो ते वेड घेतलं होतं त्यांनी!" असं एकदा माझ्यासमोर कोणीतरी म्हणालं आणि मी नुसती मान हलवली. घरी आल्यावर मात्र ती मान हलवणं मला टोचत राहिलं. ते वेड मी जवळून पाहिलं होतं. त्याचा उगम जिथे झाला तिथे मी त्यांच्या शेजारी उभा होतो. ते कोणालातरी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलो.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. कर्वेनगरात तेव्हा शेतं होती, आणि वडिलांनी त्यातलाच एक लहानसा तुकडा घेऊन बैठं घर बांधलं होतं. दादा, माझे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांच्या मुलीच्या, अनघाच्या जन्मानंतर, एका दिवाळीला शेजारच्या बाईंचा हात मोडला म्हणून वहिनींनी त्यांच्यासाठीही चकल्या केल्या, आणि तिथून तो फराळाचा व्यवसाय सुरू झाला. चकली, कडबोळी, शेव, शंकरपाळी... पुढे पुढे दिवाळीच्या आधीचा महिनाभर मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चार बायका कामाला असत आणि उरलेलं वर्षभर वहिनी एकट्याच थोडंथोडं करत. कढईत एका वेळी जेवढं तळून निघतं त्याला घाणा म्हणतात. वहिनी दिवसाचा हिशेब तासांत करत नसत, घाण्यांत करत. "दोन घाणे काढते आणि येते," म्हणजे थांबावं लागणार हे आम्हाला कळायचं. त्यांचे नियम पक्के होते. तेल शेंगदाण्याचंच. आणि आज कढईत तापलेलं तेल उद्या पुन्हा कढईत जाणार नाही. कोणी चकली महाग आहे म्हणालं तर त्या शांतपणे म्हणत, "आहेच. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त मिळते. तिथे रांगही नसते." माणूस मुकाट्याने रांगेत उभा राही.

उरलेलं काळं तेल डब्यांत भरून ठेवलं जाई. एक माणूस स्कूटरवरून येऊन ते घेऊन जात असे. साबणाच्या कारखान्यात जातं, असं तो सांगे. डबे परत यावेत म्हणून वहिनींनी त्यांच्यावर लाल ऑइलपेंटने 'कुमुद फराळ' असं लिहून घेतलं होतं. ते अक्षर दादांचं. सरकारी नोकरीत घोटून घोटून झालेलं, एकसारखं, जरा उजवीकडे झुकलेलं.

दादा हृदयविकाराने गेले. तेरावा झाला आणि वहिनींनी शेडचं दार उघडलं. लोकांना ते थोडं कठोर वाटलं. मला त्यांनी एकदाच सांगितलं, "भाऊजी, घरात बसले तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. शेडमध्ये एकच स्टूल आहे, ते माझं."

त्यानंतर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती आणि आवळे घ्यायला म्हणून वहिनींबरोबर मी मंडईत गेलो होतो. मोरावळा त्या दर वर्षी करत आणि एक बरणी माझी असे. आवळे घेतले, पिशवी माझ्या हातात, आणि बाहेर पडून रिक्षाकडे चाललो होतो. कोपऱ्यावर भज्यांची एक गाडी होती. माझ्या चांगल्या ओळखीची. दादा आणि मी कित्येक वर्षं शनिवारी मंडईत येत असू आणि भाजी झाली की त्या गाडीवर कांदाभजी खाऊन मगच घरी जात असू. घरी सांगायचं नाही, हा आमचा करार. गाडीवरची बाई मला ओळखून हसली. मीही हसलो, आणि पाहिलं तर वहिनी थांबल्या होत्या. त्या भज्यांकडे पाहत नव्हत्या. गाडीखाली, स्टोव्हच्या मागे एक डबा होता, त्याच्याकडे पाहत होत्या. डब्यावर लाल रंगात, उजवीकडे झुकलेली ती अक्षरं.

"हे तेल कुठून घेता हो?" वहिनींनी विचारलं.

"येतो की एक जण स्कूटरवरनं," ती बाई म्हणाली. कढईत भजी सोडता सोडता तिने पायाने डबा जरा आत सरकवला. "चांगलं आसतं ओ. बाहेरचं न्हाई, घरगुती हाय."

 रिक्षात बसल्यावर लक्ष्मी रोड गेला, डेक्कन गेलं. मलाच राहवेना. मी म्हटलं, "वहिनी, त्या माणसाने फसवलं तुम्हाला. तुमची काय चूक?" त्या बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "हे तिथेच खायचे ना? शनिवारी?"

मला वाटत होतं ते आमचं गुपित आहे. मी हो म्हणालो.

"मला ठाऊक होतं. शर्टाला वास यायचा," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायचे, खाऊ देत. घरी मी जपतेच आहे की..."  कर्वे पुतळ्यापाशी सिग्नल लागला तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवरची आवळ्यांची पिशवी उगाचच आपल्याकडे ओढून घेतली आणि घट्ट धरून बसल्या.

दादांचं हृदय भज्यांनी बंद पडलं असं मी म्हणत नाही. वहिनीही कधी म्हणाल्या नाहीत. आमच्या वडिलांनाही तोच विकार होता, शिवाय दादांच्या बिड्या होत्या, काळज्या होत्या. पण ज्या बाईने घरात एकदा तापलेलं तेल नवऱ्याच्या पानात दुसऱ्यांदा येऊ दिलं नाही, तिचंच टाकलेलं तेल त्याच्या पोटात शनिवारच्या शनिवारी जात होतं, आणि डब्यावर अक्षर त्याचंच. एवढं पुरेसं होतं. पुढच्या आठवड्यात स्कूटरवाला आला. वहिनींनी त्याला आरडाओरडा केला नाही. "साबण कसा झाला ते एकदा दाखवायला आणा," म्हणाल्या आणि फाटक लावून घेतलं. त्या गाडीवाल्या बाईकडेही त्या एकट्याच जाऊन आल्या. हे तेल माझं आहे, दिवसभर जळलेलं आहे, माणसाला चांगलं नाही, असं सांगून आल्या. ती बाई म्हणाली, "मंग नवं कुठनं आणू? तुमी देता का?" हे मला सांगताना वहिनींचा आवाज पडला होता. "तिला काय उत्तर देणार भाऊजी? उत्तर नव्हतंच माझ्याकडे."

मी माझ्या परीने व्यवहार सांगितला. म्हटलं, तुमचं बंद झालं तरी ती दुसरीकडून घेईल. भजी थोडीच थांबणार आहेत? मग तुम्ही ते डबे साठवून उपयोग काय?

"उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाही, एवढंच."

डबे साठत गेले. मोरीत ओतलं तर मोरी तुंबते, मातीत ओतलं तर काही उगवत नाही. शेडची एक भिंत डब्यांनी भरली. अशाच एका दुपारी त्यांनी मला फोन करून विचारलं, "भाऊजी, तळलेल्या तेलाचं डिझेल होतं हे खरं का हो?" मी विमा कंपनीत आयुष्य काढलेला माणूस. मी म्हटलं, होत असेल, पण कारखान्यात. त्या म्हणाल्या, "चकलीपण कारखान्यात होते."

वहिनी सायन्सला दोन वर्षं होत्या, मग लग्न झालं. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी फोनवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. ज्या इंग्रजी शब्दांना अडत ते मला विचारत, आणि मलाही येत नसत. तत्त्व तसं सोपं आहे, असं त्या मला समजावून सांगत. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, मग मेथॅनॉलमध्ये कॉस्टिक पोटॅश विरघळवून ते तेलात घालायचं, ढवळायचं आणि सोडून द्यायचं. खाली काळं, जड ग्लिसरीन बसतं आणि वर हलकं इंधन तरंगतं. ते काढून पाण्याने धुवायचं. मोजमाप जरा चुकलं किंवा तेलात पाणी राहिलं, तर इंधन होत नाही, साबण होतो. पहिल्या घाण्याला नेमकं तेच झालं. होय, त्याही कामाला त्या घाणाच म्हणत. मी गेलो तेव्हा पिंपात दह्यासारखं काहीतरी घट्ट झालं होतं आणि वहिनी स्टुलावर बसून त्यात पळी फिरवत होत्या. मला वाटलं निराश झाल्या असतील. मान वर करून म्हणाल्या, "स्कूटरवाल्याचं शेवटी खरं झालं बघा. साबणाच्याच कारखान्यात गेलं तेल." दादा गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. त्या साबणाने पुढे कित्येक महिने शेडमधल्या कढया घासल्या गेल्या.

मेथॅनॉल हे विष. ते हवं तर परवानगी लागते, ते कोणी म्हाताऱ्या बाईच्या हातात सहज देत नाही, आणि देऊही नये. पहिल्या घाण्याच्याही आधी, ज्या कचेरीत अर्ज करायचा तिथे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. टेबलामागचा तरुण अधिकारी खरोखर चांगला होता. अर्ज वाचून तो म्हणाला, "आजी, हे प्यायलं तर माणूस आंधळा होतो, मरतो. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच विचारायला आले. नाहीतर चोरून आणलं असतं."

तो हसला, पण परवानगी लगेच मिळाली नाही. खेटे झाले. पाहणीला माणूस आला, त्याने शेड पाहिली, खेळती हवा पाहिली, घरापासूनचं अंतर पाहिलं, कुलपाचं लोखंडी कपाट करायला सांगितलं. वहिनींनी सांगितलं तसं सगळं केलं. पाहणीच्या माणसाला त्यांनी चकली देऊ केली नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "काम झाल्यावर देईन. आधी दिली तर तिला भलतंच नाव पडतं." थोडकं मेथॅनॉल मिळण्याची सोय झाली त्या दिवशी खरंच चकलीचा डबा घेऊन त्या कचेरीत गेल्या.

आता तयार झालेलं इंधन घालायचं कशात? बबन त्यांचा फराळ पोचवायचा. धायरीचा माणूस, एक जुनापुराणा तीनचाकी डिझेल टेम्पो, आणि सगळं घर त्या टेम्पोवर. वहिनींनी त्याला बाटली दाखवली. आतलं इंधन मधासारखं स्वच्छ दिसत होतं. बबनने बाटली उन्हात धरली, वास घेतला. "वैनी, ह्याला तर शेवेचा वास येतोय."   मग म्हणाला, "टेम्पो बंद पडला तर माझी चूल बंद पडंल. पर तुमी इतक्या वर्सात मला खोटं काय बोलला न्हाईत. निम्मं डिझेल, निम्मं हे. चालंल?" वहिनी म्हणाल्या, "निम्मं नको. आधी अगदी थोडं." आणि त्यांनी ते स्वतःच टाकीत ओतलं.

टेम्पो चालला. चांगला चालला. धूर कमी झाला आणि मागून येणाऱ्या माणसाला कोणाच्यातरी घरी तळण चाललंय असं वाटू लागलं. बबन खूश. प्रमाण हळूहळू वाढत गेलं. आणि मग ऐन दिवाळीच्या तोंडावर, मागे फराळाची खोकी रचलेली असताना, कर्वे रोडवर नळस्टॉपच्या अलीकडे टेम्पोने मान टाकली. मागे हॉर्नचा कल्लोळ. वहिनी रिक्षा करून तिथे पोचल्या, मीही पोचलो. स्कूटरवरचे एक अनोळखी गृहस्थ थांबून बबनला फैलावर घेत होते. वहिनी पुढे झाल्या. "त्यांना बोलू नका. बिघाड माझा आहे." ते गृहस्थ त्यांच्याकडे, त्यांच्या नऊवारीकडे आणि टेम्पोकडे पाहत राहिले, आणि निघून गेले. मेकॅनिकने फिल्टर काढला तेव्हा तो काळ्या गाळाने भरलेला होता. वहिनींचं इंधन चांगलं होतं. इतकं चांगलं, की टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेली घाण त्याने धुऊन काढली आणि ती सगळी फिल्टरमध्ये येऊन बसली. नवा फिल्टर घातल्यावर टेम्पो सुरू झाला. तोपर्यंत वहिनींनी आणि मी खोकी रिक्षांत घालून घरोघरी पोचवली होती. प्रत्येक दारात त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "उशीर झाला, माफ करा." कारण सांगत नव्हत्या.

मार्गशीर्षात आणखी एक धडा मिळाला. बबन पहाटे मार्केट यार्डात भाजीचं भाडं करायचा. एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी टेम्पो सुरूच होईना. शेंगदाण्याच्या तेलाचं इंधन थंडीत थिजतं. खोबरेल थिजतं तसंच. बबन टाकीवर गरम पाणी ओतत फोनवर सांगत होता, "वैनी, तुमचं डिझेल झोपलंय." त्यानंतर थंडीत त्याला द्यायचंच नाही असं वहिनींनी ठरवलं. "उन्हाळ्यातलं पीक आहे हे," म्हणाल्या.

हे सगळं गमतीचं वाटेल. पण एक गोष्ट गमतीची नव्हती. अनघा, वहिनींची एकुलती एक मुलगी, हिंजवडीला कंपनीत आहे, राहते बाणेरला. तिची मुलगी रेवा तेव्हा नुकती चालायला लागली होती, हाताला लागेल ते तोंडात घालायचं वय. अनघाने शेड पाहिली, कपाट पाहिलं, आणि अंगणात उभं राहूनच सांगितलं, "आई, मी रेवाला इथे आणणार नाही. हे सगळं जाईपर्यंत नाही." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मला वाटलं वहिनी रागावतील किंवा रडतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मी असते तर फाटकातूनच परत गेले असते." अनघाला वाटलं आईने ऐकलं. पण वहिनींनी शेड बंद केली नाही. दर गुरुवारी बस बदलून बाणेरला जायच्या, दुपारभर रेवाशी खेळायच्या आणि संध्याकाळी परत. मी एकदा स्पष्टच विचारलं, की नातीपेक्षा हे तेल मोठं आहे का? वहिनी भाजी निवडत होत्या. 

"मोठं नाही हो. पण इतकी वर्षं डबे देत होते आणि एकदा विचारलं नाही, कुठे जातंय म्हणून. साबण, म्हणाला तो, आणि मला ते बरं वाटलं. रेवा मोठी होईल, तिला कळेल. हे आत्ता नाही केलं तर मग कधी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांचं दुःख किती खोल आहे ते मला तेव्हा समजलं, आणि त्यानंतर मी वाद घातला नाही. अनघाला मात्र ते मंडईचं त्यांनी सांगितलं नव्हतं, मलाही सांगू दिलं नाही. "तो शर्टाचा वास तिलाही ठाऊक आहे. तिच्या बाबांच्या आठवणीत भजी राहू देत. तेल नको."

गेल्या वर्षी पोटॅश विरघळवताना थेंब उडाला आणि त्यांच्या डोळ्यापाशी लागला. नळाखाली चेहरा धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग डॉक्टरकडे गेल्या, आणि दवाखान्यातूनच त्यांनी स्वतः अनघाला फोन केला. लपवणं त्यांना कधी जमलं नाही. डोळा वाचला. भुवईपाशी एक पांढुरका डाग राहिला. अनघा ऑफिसमधून थेट आली. शेडच्या दारात उभी राहून ती आईला इतकं बोलली, की मी बाहेर पेरूच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. बोलता बोलता ती रडायला लागली. आतून वहिनींचा आवाज आला, "झालं का बोलून? चहा टाकते." दुसऱ्या दिवशी कुरिअरने एक खोकं आलं. त्यात डोळ्यांना लावायचा चष्मा, कोपरापर्यंत येणारे हातमोजे, जाड रबरी ॲप्रन. वर चिठ्ठीही नाही. पुढच्या रविवारी अनघाने इलेक्ट्रिशियन आणून शेडला मोठा पंखा बसवून घेतला. "बंद करणार नाहीस ना? मग नीट तरी कर," एवढंच म्हणाली. पण रेवाला तिने आणलं नाही. आणि वहिनींनीही कधी तसं सुचवलं नाही.

माझी आणि त्यांची शेवटची भेट साधीच झाली. होळीनंतरचे दिवस, ऊन चढायला लागलेलं. त्या नवा घाणा लावायच्या तयारीत होत्या. मला शेडबाहेर खुर्ची दिली, आत येऊ दिलं नाही, आणि आतून बोलत राहिल्या. त्या गाडीवाल्या बाईला कोणीतरी मंडईतून हलवलं, आता ती कुठे बसते कळत नाही, तुम्हाला दिसली तर सांगा, असं म्हणाल्या. मी म्हटलं, काय काम आहे तिच्याशी? "काम कसलं... तिने विचारलं होतं ना, तुम्ही देता का? तेव्हा मला सुचलंच नाही. निदान दिवाळीच्या महिन्यात तरी एखादा डबा नवा द्यायला काय हरकत होती?" मग स्वतःशीच म्हणाल्या, "वर्षं गेली बघा उत्तर सुचायला."

ते काम मी करायचं ठरवलं आहे. अजून ती बाई सापडलेली नाही.

परवा अनघा आणि मी शेड आवरायला गेलो. घर तिने अजून हलवलेलं नाही, पण शेड तशीच ठेवणं बरं नव्हतं. मेथॅनॉल ज्यांच्याकडून यायचं त्यांनी उरलेला साठा आधीच परत नेला होता. मंडईची हकिगत मी तिला त्याआधी काही दिवस सांगितली होती. वहिनींनी नको म्हटलं होतं खरं, पण आपली आई हट्टी होती एवढंच तिच्या मनात राहावं हे मला पटेना. तिने सगळं ऐकून घेतलं होतं. फक्त एकदा विचारलं, "अक्षर बाबांचं होतं?"

शेडमध्ये शिरल्यावर तिने आधी पंखा लावला. लोखंडी घोडीवर तळाला तोटी असलेला मोठा पांढरा कॅन होता, आणि तो भरलेला होता. वहिनींनी जायच्या आदल्या दिवशी लावलेला घाणा. इतके दिवस कोणी हात लावला नव्हता. खाली काकवीसारखा काळा थर बसला होता, वर स्वच्छ पिवळं इंधन, आणि दोहोंच्या मध्ये पट्टीने आखावी तशी रेघ. काम त्यांच्यामागे आपलं आपण होऊन राहिलं होतं. मी म्हटलं, बबनला बोलावू, तो उचलून नेईल.  अनघाने खिळ्यावरचा ॲप्रन काढून बांधला, हातमोजे चढवले, चष्मा लावला, आणि तोटीखाली बादली सरकवली.

"अगं, तुला येतं का ते?"

"बघू," ती म्हणाली आणि तिने तोटी उघडली.

काळी, जाड धार बादलीत पडू लागली. अनघा गुडघ्यांवर बसून धारेकडे टक लावून पाहत होती. धार जाड, संथ... मग तिच्यात एक पिवळसर दोरा दिसला न दिसला, तोच तिने तोटी बंद केली. बादलीत सगळं काळं, कॅनमध्ये सगळं पिवळं. मी थक्क झालो. कोणी शिकवलं, म्हणून विचारलं.

"रोज संध्याकाळी फोन करायची ना ती," अनघा चष्मा न काढताच म्हणाली. "मी काम करत असायचे. फोन स्पीकरवर टाकून ठेवायचे आणि हं, हं करायचे नुसतं. आज धार कशी आली, कधी बंद केली, धुताना पाणी कितव्यांदा निवळलं... रोज तेच. तिला वाटायचं मी ऐकत नाही." तिने तोटी पुन्हा एकदा घट्ट केली. "मलाही तसंच वाटायचं, काका."

 मी बादली बाजूला घ्यायला पुढे झालो, तर तिने हातानेच मला दाराबाहेर थांबवलं. मोजे काढले, हात धुतले, ॲप्रन पुन्हा खिळ्याला अडकवला.

"आता हे पाण्याने धुवायचं. आज व्हायचं नाही, उद्या परवा यावं लागेल," ती म्हणाली. मग कुलूप हातात घेऊन, "रेवाला आणते उद्या. आत नाही येऊ देणार. झाडाखाली खुर्ची टाकून बसवू, तुम्ही बसा तिच्याजवळ. आजी काय करायची ते तिथून दिसतं."

मी बरं म्हटलं. तिने शेडला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.